मोजपट्टी झालेला हात



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी विचारलं होतं, की त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा घाट चाललाय, सभासदांत दोन तट पडलेत, तर त्या टॉवरच्या रेडिएशनचं खरं काय? वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही म्हटलं, पुढच्या खेपेला याच विषयावर बोलू. तयारीला बसलो तेव्हा लक्षात आलं, की टॉवरपासून सुरुवात केली तर काहीच हाती लागणार नाही. सुरुवात करावी लागेल ती एका हाताच्या फोटोपासून. तेव्हा आजोबा, तुमच्या टॉवरकडे येऊच, पण जरा वळसा घालून.

‘फोटो’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत एक्स-रेला फोटोच म्हणतात. ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलाय.’ यात चूक काहीच नाही, फिल्मवर चित्र उमटतं म्हणजे फोटोच तो. पण फोटो म्हटलं की काम निरुपद्रवी वाटायला लागतं. पासपोर्टसाठी काढला तसा छातीसाठी काढला. आज आपण बघणार आहोत तो इतिहास म्हणजे हे काम तितकं निरुपद्रवी नाही हे कळायला किती वर्षं लागली आणि ते कोणाच्या अंगावर कळलं, त्याचा इतिहास आहे.

आधी कुटुंबाची ओळख झटकन करून घेऊ. रेडिओ, सूक्ष्मलहरी म्हणजे मायक्रोवेव्ह, अवरक्त किरण, आपल्याला दिसणारा उजेड, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच घरातली भावंडं. सगळ्या विद्युतचुंबकीय लहरीच. फरक फक्त तरंगलांबीचा. रेडिओची लहर कित्येक मीटर लांब असू शकते, क्ष-किरणाची अणूच्या आकाराएवढी. लहर जितकी आखूड तितका तिचा एकेक कण, ज्याला फोटॉन म्हणतात, जास्त ताकदीचा. एका टप्प्यानंतर ही ताकद इतकी वाढते, की तो फोटॉन अणूमधला इलेक्ट्रॉन उपटून बाहेर काढतो. याला आयनीभवन म्हणायचं. शरीराच्या पेशीत हे झालं तर डीएनएची साखळी तुटू शकते. क्ष-किरण आणि गॅमा किरण या टप्प्याच्या पलीकडचे. रेडिओ, मायक्रोवेव्ह आणि साधा उजेड अलीकडचे. अतिनील किरण नेमके उंबरठ्यावर. एवढं लक्षात ठेवलं तरी आजच्यापुरतं पुरे.

ही भावंडं एका दिवसात सापडलेली नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून उजेडाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटर ठेवला. पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटरनं जांभळ्याच्या पलीकडे चांदीचा क्षार काळा पडतो हे दाखवलं. मॅक्सवेलनं गणित मांडलं, १८८७–८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झनं रेडिओ लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात ती गोष्ट घडली, जिच्यापाशी आज आपल्याला थांबायचंय.

८ नोव्हेंबर १८९५. विल्हेल्म राँटगेन पन्नास वर्षांचे होते. काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडल्यावर दूरचा एक रासायनिक लेप दिलेला पडदा चमकायला लागला. उजेड बाहेर यायला जागाच नव्हती, तरी काहीतरी येत होतं. ते काय हे माहीत नाही, म्हणून त्यांनी त्याला बीजगणितातल्या अज्ञात राशीचं नाव दिलं, एक्स. आपल्या मराठी बीजगणितात अज्ञात राशी म्हणजे क्ष, म्हणून आपले ते क्ष-किरण. (जर्मन लोक मात्र राँटगेनकिरण म्हणतात. म्हणजे त्यांनी अज्ञाताला माणसाचं नाव दिलं आणि आपण अज्ञात तसाच ठेवला.) २२ डिसेंबरला राँटगेननी बायकोला, बर्टाला, प्रयोगशाळेत बोलावलं, तिचा हात काचेच्या प्लेटवर ठेवायला सांगितला आणि जवळजवळ पंधरा मिनिटं तो तसाच ठेवला. बोटांची हाडं आणि एका बोटात अंगठी. हा तो फोटो.

जानेवारी १८९६ मध्ये बातमी वर्तमानपत्रांत आली आणि त्या एका वर्षात क्ष-किरणांवर हजाराहून जास्त लेख छापले गेले. राँटगेननी पेटंट घेतलं नाही. नळी आणि विजेचं वेटोळं बहुतेक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत होतंच. त्यामुळं ज्याला वाटेल तो किरण काढू शकत होता. काही आठवड्यांत युरोप-अमेरिकेत मोडलेली हाडं आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधल्या जाऊ लागल्या. आपल्या उपखंडात सुद्धा हे यंत्र फार लवकर आलं. १८९७–९८ च्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत ब्रिटिश लष्कराचे शल्यवैद्य बीव्हर यांनी ते वापरून जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या होत्या. शोध लागून दोन वर्षं जेमतेम झाली होती. विमान, रेडिओ, प्रतिजैविकं, काहीही इतक्या वेगानं प्रयोगशाळेतून माणसाच्या अंगापर्यंत पोचलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळच्या नळ्या लहरी होत्या. आत हवा किती उरली आहे त्यावर किरणांची भेदकता ठरायची आणि ती दिवसादिवसाला, तासातासाला बदलायची. मग आज नळी कशी चालली आहे हे कळायचं कसं? मोजायचं यंत्र नव्हतं. डॉक्टर किंवा तंत्रज्ञ एक सोपी गोष्ट करायचा. नळी आणि चमकणारा पडदा यांच्या मधे स्वतःचा हात धरायचा. हाडं स्पष्ट दिसली, मांस फिकट दिसलं, म्हणजे नळी ठीक. नुसतीच काळी सावली दिसली तर नळी मऊ. हाडंसुद्धा पारदर्शक झाली तर नळी कडक. रोग्याला बसवण्याआधी दर वेळी हा हात मधे जायचा, दिवसात वीस-वीस वेळा. रोग्याला डोस एकदा मिळत होता, यांना रोज. आणि नेहमी एकाच हाताला.

एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. १८९६ मध्ये एडिसननं चमकणाऱ्या पडद्यांवर झपाट्यानं काम सुरू केलं आणि न्यूयॉर्कच्या विद्युत प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून स्वतःच्या हाताची हाडं बघितली. नळ्या तपासायचं काम डॅलीकडे होतं. डावा हात भाजला, तर त्यानं तो बरा होईपर्यंत उजवा वापरला. केस गेले, चेहरा सुरकुतला, हातावरच्या जखमा भरेनात, मग त्यांत कर्करोग झाला. आधी डावा हात मनगटापासून काढला, मग उजव्याची बोटं, मग दोन्ही हात आणखी वरून. १९०४ च्या ऑक्टोबरात तो गेला, वय ३९. एडिसननं त्याआधीच क्ष-किरणांचं काम बंद केलं होतं आणि या किरणांची आपल्याला भीती वाटते हे त्यानं उघड सांगितलं. एवढा मोठा माणूस असं जाहीर सांगतो याची नोंद घ्यायला हवी. पण हेही बघा, नळीसमोर हात एडिसनचा नव्हता.

कोणी म्हणेल, बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही बरेच दिवस असंच वाटायचं. पण तारखा लावून बघितल्या की चित्र वेगळं दिसतं. माहिती पहिल्याच वर्षी आली होती.

अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात १८९६ च्या सुरुवातीला डोक्यात गोळी लागलेल्या एका मुलाचा प्रश्न आला. कवटीतून किरण आरपार जातील का? मुलावर करण्याआधी तिथले डीन विल्यम डडली यांनी स्वतःचं डोकं पुढं केलं. तासभर नळीसमोर बसले. चित्र धड आलंच नाही. एकवीस दिवसांनी नळीच्या बाजूचे केस झडले आणि तेवढ्या जागेपुरतं टक्कल पडलं. ही हकीकत त्याच वसंतात ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. त्याच वर्षी इलायहू थॉमसन या अभियंत्यानं डाव्या हाताची करंगळी मुद्दाम अर्धा तास नळीजवळ धरली. आठवडाभर काही नाही, मग लाली, सूज, फोड, वेदना. त्यानंही लिहून इशारा दिला. १९०१ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी गिनीपिगवर प्रयोग केला आणि क्ष-किरणांनी प्राणी मरतात, वर दिसेल असं भाजलेलं नसतानाही मरतात, हे दाखवलं. उपायही सांगितले. नळी शिशाच्या पेटीत ठेवा, शिशाच्या काचेचा चष्मा लावा, रोग्याचा जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा ठेवा. आज कुठल्याही एक्स-रे खोलीत जे नियम आहेत त्यातले मुख्य नियम १९०१ साली छापलेले होते. फारसं कोणी वाचलं नाही.

का? आमचं मत असं की यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे उशीर. चुलीवर हात भाजला तर माणूस लगेच हात काढून घेतो. इथं हात भाजतो आज आणि कळतं तीन आठवड्यांनी, कर्करोग होतो दहा-वीस वर्षांनी. मधल्या काळात शेकडो रोगी बरे झालेले असतात, कीर्ती झालेली असते. दुसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. अपायाकडे बघून लोकांना भीती वाटायच्या ऐवजी उपयोग सुचला. डडलींचे केस गेले ना? मग नको असलेले केस घालवायला हे छान! व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ च्या शेवटी पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर रोज किरण सोडले. केस गेले आणि मागे जखम राहिली. पुढं अमेरिकेत १९२० च्या दशकात तोंडावरची लव काढायला बायकांसाठी क्ष-किरणांची पार्लरं निघाली. डोक्याला गजकर्ण झालेल्या मुलांचे केस क्ष-किरणांनी घालवायची पद्धत पॅरिसमध्ये १९०४ च्या सुमाराला बसली आणि अर्धं शतक टिकली. इस्रायलमध्ये १९४८ नंतर आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांवर ती वापरली गेली. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं. तोवर गजकर्णाला साधी गोळी निघाली होती.

मोजमापाकडे परत येतो, कारण आमच्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथं आहे. हात मधे धरणं धोक्याचं आहे हे पटल्यावर न्यूयॉर्कचे शल्यवैद्य कार्ल बेक यांनी माणसाच्या हाताचा सांगाडा फळीला लावून घेतला. जिवंत हाताच्या जागी मेलेला हात. युक्ती साधी, पण तिनं कितीतरी बोटं वाचवली असतील. तरी ‘किती डोस’ हे मोजायला एकक नव्हतंच. मग काय वापरलं? कातडी. कातडी लाल व्हायला जितका डोस लागतो तो एक माप. त्याला नावही होतं, लालीचा डोस. १९२५ मध्ये आर्थर मुत्शेलर यांनी काम करणाऱ्यांसाठी पहिली मर्यादा सुचवली ती याच मापात. महिन्याभरात लालीच्या डोसाच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त नको. १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत राँटगेन हे एकक मान्य झालं आणि संरक्षणाच्या नियमांसाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. हातापासून सांगाडा, सांगाड्यापासून कातडी आणि कातडीपासून आकडा, या प्रवासाला तेहतीस वर्षं लागली.

त्या तेहतीस वर्षांचा हिशोब दगडावर कोरलेला आहे. हॅम्बुर्गमध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्तंभ उभा केला, क्ष-किरण आणि रेडियमचं काम करता करता गेलेल्यांचा. सुरुवातीला १५ देशांतली १६९ नावं होती. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका. नंतर नावं वाढत गेली आणि साडेतीनशेच्या वर पोचली. रोग्यांची नावं त्यावर नाहीत. ती कोणी मोजलीच नव्हती.

रेडियमचा उल्लेख आला म्हणून एक अवांतर. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर, ट्रकच्या मागे ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहायला जे चमकणारं स्टिकर कापतात, त्याला रेडियम म्हणतात. गावोगाव ‘रेडियम आर्ट’ची दुकानं आहेत. त्यात रेडियमचा कणही नसतो, तो नुसता उजेड परत फेकणारा कागद आहे. घाबरू नका. पण हे नाव कदाचित अंधारात चमकणाऱ्या घड्याळांतून आलं असावं, आणि त्या घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मुलींची गोष्ट खरी आहे. कुंचल्याला टोक यावं म्हणून त्या तो ओठांत धरायच्या, तशी शिकवणच होती. जबड्याची हाडं सडली, काही गेल्या, काहींनी कोर्टात दावा लावला आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. त्यांचा घात मुख्यतः अल्फा कणांनी केला, म्हणजे तो आपल्या लहरींच्या कुटुंबातला नाही, म्हणून इथं जास्त थांबत नाही.

नियम झाले म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. नियम होते काम करणाऱ्यांसाठी, आणि तेही ‘अमुक मर्यादेखाली काहीच होत नाही’ या समजुतीवर. १९२७ मध्ये हर्मन म्युलरनं फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवलं, की आनुवंशिक बदल होतात आणि डोस वाढेल तसे वाढतात. तरी पुढं तीसेक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानांत लाकडी पेट्या उभ्या होत्या. मुलानं नवा बूट घालून पाय आत घालायचा, वर तीन भोकं असत, एकातून मुलानं, एकातून आईनं आणि एकातून दुकानदारानं बघायचं. हिरवट उजेडात बोटांची हाडं वळवळताना दिसायची. मुलांना मजा वाटायची, पुन्हा पुन्हा पाय घालायची. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १०,००० यंत्रं होती. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियानं ती बंद केली, मग हळूहळू बाकीच्यांनी. बूट मापाचा आहे की नाही हे अंगठ्यानं दाबूनही कळतं.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरबाई एक साधं काम करत होत्या. कर्करोगानं गेलेल्या मुलांच्या आयांना आणि निरोगी मुलांच्या आयांना त्या एकसारखेच प्रश्न विचारत होत्या. काय खाल्लं, कुठं राहिलात, गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढला होता का? १९५६ मध्ये पहिला निष्कर्ष छापला आणि १९५८ मध्ये सविस्तर. गरोदरपणी एक्स-रे झालेल्या मुलांत कर्करोगानं जाण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. त्या काळी मूल पोटात कसं आहे हे बघायला फोटो सर्रास काढत. मोठमोठ्या लोकांनी बाईंना खोडून काढायचा प्रयत्न केला. वैद्यकातली ही सवय मोडायला आणखी वीसेक वर्षं गेली. एक लक्षात घ्या, या आयांची कातडी लाल झालेली नव्हती. ज्या मापानं आपण इतकी वर्षं मोजत होतो त्या मापात हा अपाय दिसलाच नसता. (आज गरोदरपणी करतात ती सोनोग्राफी वेगळी, तो आवाज आहे, प्रारण नव्हे. एमआरआयमध्येही चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, क्ष-किरण नाहीत. हे प्रश्न नेहमी येतात म्हणून सांगून ठेवलं.)

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे ‘छातीचा फोटो’ घराघरात पोचला तो क्षयामुळं. १९५५ ते १९५८ मध्ये देशभर क्षयाची पाहणी झाली तेव्हा एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरल्या. पुढं थुंकीची तपासणी स्वस्त आणि खात्रीची म्हणून तिच्यावर भर आला, पण फोटो हा शब्द राहिला. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ झालं, आणि आज प्रत्येक एक्स-रे यंत्राला त्याची परवानगी लागते. गॅमा किरणांचं म्हणाल, तर लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे किरण देणारं केंद्र वीस वर्षांहून जास्त काळ आहे. २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच किरण घेऊन. असा आंबा किरणोत्सर्गी होत नाही. टॉर्चचा उजेड पाडलेली भिंत नंतर स्वतः उजळत नाही, तसंच.

पण तोच कोबाल्ट-६० २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगाराच्या बाजारात पोचला. दिल्ली विद्यापीठातलं वापरात नसलेलं जुनं यंत्र लिलावात निघालं, भंगारवाल्यांनी शिशाचं आवरण फोडलं आणि आतल्या चकचकीत धातूचे तुकडे हातोहात गेले. एकानं तर तुकडा पाकिटात ठेवला होता. एक मजूर गेला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. तुकडा हाताळणाऱ्यांना वास आला नाही, चटका बसला नाही. १८९६ मधला डडलींचा अनुभव २०१० मध्ये मायापुरीत जसाच्या तसा, फक्त विद्यापीठ या खेपेला दुसऱ्या टोकाला होतं.

आम्ही एकदा एका तालुक्याच्या गावी एक्स-रे सेंटरमध्ये बसलो होतो. तंत्रज्ञ तरुण मुलगा होता, चांगलं बोलत होता. छातीला बॅज दिसेना म्हणून विचारलं. डोस मोजणारा बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. म्हणाला, ड्रॉवरमध्ये ठेवतो, हरवला तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे ड्रॉवरचा डोस तीन महिन्यांनी बरोबर मोजून येत होता! आम्ही हसलो, तोही हसला. मग एक आई लहान मुलाला घेऊन आली, मूल रडायला लागलं, स्थिर राहीना. आईनं धरायचं तर पोटात दुसरं होतं. शेवटी त्यानंच आत जाऊन मुलाचे हात धरले. शिशाचा ॲप्रन खुंटीला होता, तो घालायला वेळ नव्हता. तशा एका वेळेनं काही होत नाही हे खरंच आहे. पण ती एकच वेळ असेल असं आम्हाला वाटत नाही, आणि बॅज ड्रॉवरमध्ये असल्यामुळं ते आता कोणालाच कळणार नाही.

रोग्याच्या बाजूचा हिशोबही सांगायला हवा. साध्या छातीच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट. आपल्याला नुसतं जगताना, मातीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तेव्हा एका फोटोला घाबरायचं कारण नाही. सीटी स्कॅन मात्र त्याच्या कित्येक डझन पट असतो, कधी शंभर पटीच्या पुढं. कोविडच्या काळात ‘एचआरसीटी स्कोअर किती?’ हा प्रश्न आपल्याकडे ‘जेवलात का’सारखा झाला होता. सरकारनं त्याचे दर ठरवून दिले, वर्तमानपत्रांत दरांवर भरपूर लिहून आलं. आठवड्यात दोन-दोन स्कॅन करून घेणारी माणसं आम्हाला माहीत आहेत. दर विचारला सगळ्यांनी, डोस विचारला किती जणांनी?

आता आजोबा, तुमचा टॉवर. मोबाइलच्या लहरी आपल्या शिडीवर खालच्या पायरीवर आहेत. तुमच्या खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडाचा एक फोटॉन मोबाइलच्या फोटॉनपेक्षा काही लाख पट ताकदीचा असतो. तोही आयनीभवन करत नाही, मग हा कुठून करणार? या लहरींचा पक्का माहीत असलेला परिणाम म्हणजे ऊब. १९४५ मध्ये रडारच्या नळीजवळ काम करताना पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन निघाला, तीच ही ऊब. म्हणून टॉवरच्या अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभं राहून काम करू नये, आणि तो धोका गच्चीवर चढणाऱ्या दुरुस्तीवाल्याला आहे, खाली राहणाऱ्यांना नाही. २०१२ पासून आपल्या देशात टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित’ या गटात टाकलं, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. अभ्यास चालू आहेत, ते चालू राहावेत. पण आमचं मत विचाराल तर सोसायटीत त्यावरून भांडण करण्याइतका पुरावा आम्हाला दिसत नाही. टॉवरचं भाडं कोणी किती घ्यायचं यावरून भांडायला मात्र मोकळीक आहे.

त्याच संस्थेनं ‘निश्चित’ या सगळ्यात वरच्या गटात काय ठेवलंय? क्ष-किरण आणि गॅमा किरण, ते आलेच. शिवाय ऊन. आणि वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण. ऊन गोऱ्या कातडीला जास्त बाधतं हे खरं, पण मोतीबिंदूला रंग चालत नाही. १९०३ मध्ये नील्स फिन्सेन यांना नोबेल मिळालं ते अशाच किरणांनी कातडीचा क्षय बरा केल्याबद्दल, म्हणजे इथंही उपयोग आधी आणि हिशोब नंतर. तुमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर फॅब्रिकेशनचं दुकान असेल तर एकदा बघा. ग्रिल जोडणारा मुलगा पन्नास रुपयांचा काळा गॉगल लावून, नाहीतर नुसतं तोंड फिरवून काम करतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगतं. सकाळी पुन्हा कामावर. टॉवरसाठी सोसायटीची विशेष सभा भरते. त्या मुलाच्या डोळ्यांसाठी आम्ही तरी कुठं सभा भरलेली ऐकली नाही.

आणि हात? तो मधे जाणं अजून थांबलेलं नाही. हल्ली मोडलेलं हाड बसवताना शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सी-आर्म नावाचं यंत्र असतं, ते चालू ठेवून पडद्यावर बघत बघत खिळे घालतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत तार सरकवताना तसंच. डॉक्टर शिशाचा ॲप्रन घालतात, गळ्याला पट्टा बांधतात, पण हात आणि डोळे उघडेच राहतात. डोळ्याच्या भिंगाला वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट चालतात असं कित्येक वर्षं धरलं जात होतं. अशा डॉक्टरांत आणि परिचारिकांत मोतीबिंदूच्या खुणा लवकर दिसायला लागल्या, तेव्हा २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं ती मर्यादा २० वर आणायची शिफारस केली. आमच्या ओळखीच्या एका अस्थिरोगतज्ज्ञानं आम्हाला एका शस्त्रक्रियेची पडद्यावरची चित्रं दाखवली होती. पांढरी मांडी, पांढरा खिळा, आणि एका चित्रात कडेला तीन बोटांची हाडं. आम्ही विचारलं, ही कोणाची? ते म्हणाले, माझीच की, घाईत राहिली.

चला, पंधरा मिनिटं आहेत. प्रश्न घेऊ. आजोबा, आधी तुम्ही.